त्याच पानावर, त्याच अक्षरात

३ नोव्हेंबर, सोमवार
मला वाचक आहेत! आज पुरावाच मिळाला. संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टर दारात येऊन कडाडल्या— "ताई, वाचनालयात फ्लूची लस घेऊन दिवसभर बसले. आली किती? तीन म्हातारी माणसं! बाकीचे तुमचं कात्रण नाचवतायत."

'लस घेतली आणि नवरा आवडू लागला'— गेल्या महिन्यातलं माझं सदर. लोकांनी दुष्परिणाम म्हणून वाचलं! शिंपीकाकांनी तर दुकानातल्या आरशाला चिकटवलंय.

४ नोव्हेंबर
दारोदार हिंडले. "अहो, विनोद होता तो!" शिंपीकाका तोंडातली टाचणी काढून म्हणाले, "मग हसू कसं नाही आलं?"
टोचलं. टाचणी बरी.

५ नोव्हेंबर
दिव्याखालीच अंधार! बाबा ब्याऐंशीचे, छातीचा भाता झालेला, दर थंडीत दवाखाना. म्हटलं, तुम्ही तरी चला. उत्तर— "आधी दुरुस्ती."
चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. तोंडी काही चालत नाही. "चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर. त्याच मापाच्या अक्षरात."
"बाबा, माझी शोभा होईल!"
"होऊ दे. लोकांचा दम जातोय, त्यापुढे तुझी शोभा काय?"

७ नोव्हेंबर
लिहिलं! 'मी थट्टा केली, ती चुकली. लस मी खरंच घेतली. दंड एक दिवस दुखला. नवरा होता तसाच आहे. तुम्हीही घ्या.' (एक विनोद निसटलाच. जित्याची खोड!)
संपादक म्हणे, "शेवटच्या पानावर टाकतो कोपऱ्यात." तासभर भांडले. तिसरं पान मिळवलं— माझ्याच सदराच्या जागी! बाबांनी लाल पेनाने तीन चुका काढल्या. शाबासकी? छे.

९ नोव्हेंबर, रविवार
छापून आलं.

१० नोव्हेंबर
रांग! वाचनालयाच्या दारापासून पार जिन्याखालपर्यंत! शिंपीकाका सगळ्यांत पुढे, गळ्यात टेप तशीच. दंड पुढे करून म्हणाले, "आज हसलो हं." दुपारी लस संपली, सिस्टरनी आणखी मागवली. मला हसू आवरेना, रडूही.
उद्या बाबा. आता कारण उरलेलं नाही!

११ नोव्हेंबर
बाबांना हाताला धरून नेलं. सिस्टरनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली— "यांना परत कशाला आणलंत? मागच्या सोमवारी ती तीनच माणसं आली, त्यांत पहिलं नाव यांचंच होतं!"
बाबा भिंतीवरच्या सूचनाफलकातल्या चुका शोधत होते.