कार्बनची प्रत

दि. १३ जानेवारी २०२५
ता. अंबड, जि. जालना

कल्याण,

सलाम. तब्येत बराबर असेल. इकडं सगळे खुशाल. ज्वारी हुरड्यावर आलीय. फोनच करणार होतो, पण लिहिलेलं राहतं, हे तुझ्याकडूनच शिकलो.

येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात तुझा सत्कार. सरपंच रामकिसनभाऊंनी माइक आणि खुर्च्या माझ्याकडं दिल्यात. राष्ट्रीय प्रयोगशाळेचा उपसंचालक म्हणजे काय, हे मी गावाला समजावून सांगून राह्यलो. मोबाइलवर गारपिटीचा मेसेज आला की लोक म्हणतात, आपल्या कल्याणनं पाठवला. खरंच चांगलं काम केलंस. हा टोमणा न्हाई.

तुझ्या बबलूचाही चौकशीचा कागद आलाय. तुझ्याच प्रयोगशाळेत लागला म्हणे. कायमचा पत्ता तू गावचा टाकलास, वावर इथं म्हणून टाकला असशील. पण गावचा पोलीस पाटील आता मी आहे, हे ध्यानात आलं न्हाई का? त्याच्या वर्तणुकीचा दाखला माझ्या सहीनं जायचाय. पोरगं गुणी आहे. दिवाळीत आल्ता, तेव्हा चाचा म्हणून पाया पडला.

तुला आठवतं का, कॉम्प्युटर डोळ्यानं पाहायच्या आधी आपण वहीत प्रोग्राम लिहायचो? तू लिहायचास, मी मशीन व्हायचो. एकेक ओळ वाचत जायचो, चुकी आली की थांबायचो. तुझं अक्षर मला झोपेतही ओळखू येतं.

शहाण्णव साली त्याच प्रयोगशाळेच्या निवड यादीत मी पहिला, तू दुसरा. जागा एकच. तेव्हा काकासाहेब, तुझे वडील, पोलीस पाटील. त्यांना सही तेवढी यायची. दाखले तू लिहायचास, खाली कार्बन घालून, एक प्रत दप्तरात. माझा दाखला गेला आणि माझी ऑर्डर आलीच न्हाई. मंग तुझी आली.

अम्मीनं आधीच गावभर पेढे वाटले होते. लोक तिला विचारायचे, रहिमाबी, पोरानं केलं तरी काय? ती मला विचारायची. मरेपर्यंत विचारत राह्यली. तुझ्यावर मात्र तिचा भारी भरवसा. कल्याणला लिही, तो वर सांगंल, म्हणायची. मी तीन पत्रं टाकली. तुझं एक उत्तर आलं: अतिक, नशिबापुढं इलाज न्हाई.

मागच्या महिन्यात काकासाहेबांच्या काळची दप्तराची पेटी साफ केली. ती प्रत सापडली. "सदर इसमाची ऊठबस संशयास्पद लोकांत असून त्याच्या वर्तणुकीची खात्री देता येत नाही." सही काकासाहेबांची. अक्षर तुझं.

मी वडीगोद्रीला झेरॉक्सच्या दुकानात बसून अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे नोकरीचे फॉर्म भरले. प्रत सापडली त्या दिवशी दुकान बंद करून कब्रस्तानात गेलो आणि अम्मीला ती वाचून दाखवली. एवढंच करता आलं.

आता ऐक. रविवारी सत्काराला उत्तर देशील, तेव्हा तो कागद माइकवर वाचायचा. कुणी लिहिला आणि का, तेही सांगायचं. बबलू येणारच आहे, त्याच्यासमोर. मी पहिल्या रांगेत त्याचा कोरा दाखला घेऊन बसतो. वाचलास, तर तिथंच खरं ते लिहून सही करतो.

न्हाई वाचलास, तर मी माझ्या मनचं काहीच लिहिणार न्हाई. तुझंच वाक्य जसंच्या तसं उतरवीन. फक्त वरचं नाव बदलीन.

पोराचा यात बिलकुल दोष न्हाई, हे मला कळतं. माझाही नव्हता.

झेरॉक्स सोबत जोडलीय. घरी एकदा मोठ्यानं वाचून पाहा, सवय होईल. वहिनीला सलाम सांग.

ज्याच्या वर्तणुकीची खात्री तुला देता आली न्हाई, तो
अतिक