पाहुण्यांच्या टेबलाशी

ग्वायाकिल,
९ जून १९८७

ती. हेनोवेवाताईस,
धाकट्या रोसेंदोचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बायकोनं विचारलं, बहिणीनं काय खाऊ घातलं. चीज घातलेलं बटाट्याचं सूप, म्हटलं. कुठे बसून खाल्लं, ते नाही सांगितलं.

मळ्याच्या मालकांनी वाड्यातल्या चार खोल्या प्रवाशांना द्यायला काढल्यात, हे ऐकून होतो. पण त्यातली एक तू मला देशील असं वाटलं नव्हतं. दोन जर्मन बायांच्या शेजारी, पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी बसवलंस. चुलीपाशी आलो तर म्हणालीस, साहेब, आपण बाहेर बसावं, कपडे खराब होतील. ज्या मळ्यावर लहानपणी वासरं सोडून आपण दोघांनी मार खाल्ला, तिथे मला साहेब? मोलकरीण गरम पाण्याची बादली घेऊन आली तेव्हा मला रडू आलं. बिचारीला वाटलं, पाणी कढत झालं.

आईच्या थडग्यापाशी चल म्हटलं, तर तुला धारा काढायच्या होत्या. मग चीज लावायचं होतं. मग दुधाची गाडी निघाली आणि तू मलाच तीत बसवून दिलंस.

तुझा राग खरा आहे. इथे शहरात भाड्याची खोली बदलल्याचं मी तेव्हा कळवलं नाही, म्हणून तुझी चिठ्ठी उशिरा मिळाली आणि आई माझ्याविना गेली. अकरा वर्षं तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी आता माझ्या हृदयाला डोंगरावरची उंची मना केली आहे. शेवटचं एकदा हट्टानं वर आलो, ते माफी मागायला. तेवढंच राहून गेलं.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.
तुझा रोसेंदो


सांता लुगार्दा मळा,
२१ जून

चि. रोसेंदोस अ. उ. आ.

तुझं पत्र गोठ्यातच वाचलं. त्या दिवशीचं चीज नासलं.

मी रागावले नव्हते रे. तुझ्याकडे बघवत नव्हतं. खोली बदलल्याचा दोष तू उगाच घेतोस. ती चिठ्ठी मी आईला पुरून आल्यावर लिहिली, आणि वर तारीख आठवडाभर आधीची टाकली.

आईनं सात आठवडे अंथरूण धरलं होतं. मी चमच्यानं भरवायचे आणि ती मला रोसेंदो म्हणून हाक मारायची. त्याला बोलव, म्हणायची. मी म्हणायचे, उद्या लिहिते. मनात यायचं, हागणंमुतणं मी काढायचं आणि नाव मात्र त्याचं. असं मी उद्या उद्या करता करता ती गेली.

त्या दिवशी तू आलास, सुकटाची पिशवी काखेत, केस पिकलेले. तुला अरे म्हटलं असतं तर सगळं तोंडातून बाहेर पडलं असतं. म्हणून साहेब म्हटलं. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मागे धावले, चिखलात पडले. डॉक्टरांचं तेव्हा ठाऊक असतं तर गाडीसमोर आडवी झाले असते.

वर आशीर्वाद लिहिला खरा, पण तो द्यायचं तोंड मला नाही.
हेनोवेवा


ग्वायाकिल,
१९ जुलै

ती. ताईस,
नमस्कार लिहायला आज हात जड झाला, तरी लिहितो.

चार पत्रं लिहून फाडली. एकात तुला फार वाईट बोललो होतो. बायकोनं ते वाचलं आणि मलाच विचारलं, चिठ्ठी उशिरा आली हे कबूल, पण त्यानंतर अकरा वर्षं बस बंद होती का?

मला आता वर येणं नाही. तू जन्मात कधी डोंगर उतरली नाहीस. गाईंचं कोण बघेल, असं विचारशील. कुणीही बघेल. लाताकुंगाहून सकाळची बस धर, मी स्टँडवर उभा असेन. आल्या आल्या भांडणार आहे, चांगला मोठ्यानं, शेजारी गोळा झाले तरी चालतील. ते झालं की त्या सात आठवड्यांत आई काय काय म्हणाली, ते सगळं मला ऐकायचंय. तुझ्याखेरीज ते कुणाला ठाऊक नाही.

वाटेकडे डोळे लावून आहे.
रोसेंदो