चाळीस दिवसांचा शब्द

मी, उलारबेक जुमाकादिर उलू, वय सव्वीस, धंदा खोगिरे बनवण्याचा, राहणार चोलोक-तेरेक, नारिन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी बिश्केकमध्ये माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिण्याचे कारण नाही. मी तरीही भितो, म्हणून सर्व लिहून ठेवतो. आई म्हणते, "लग्नाची यादी करायच्या वयात हे काय घेऊन बसलायस?"

१. घर, अंगण, अकरा मेंढ्या आणि घोडी आई सायकाल हिला. माझ्या दिवसाच्या जेवणाला रिवाज म्हणून घोडी कापू नये. ती गाभण आहे. एक मेंढी पुरे.

२. रापी, आऱ्या आणि लाकडी साचे शाम्बेतकाकांना. मोठी आरी चार वर्षांपूर्वी त्यांनी आठवड्यासाठी नेली होती. ती आता त्यांचीच समजावी.

३. माझे बायबल राखातमावशींना. आमची प्रार्थना त्यांच्याच घरी भरते. निम्म्यापुढची पाने नवीकोरी दिसतील. कारण पुढे लिहिले आहे.

४. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. गावच्या रिवाजाप्रमाणे मयत ठेवायला अंगणात लोकरीचा तंबू उभा राहिला. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापाला खांदा द्यायचाय ना? मग चाळिसावा होईस्तोवर त्या येशूवाल्या म्हातारीकडे फिरकायचं नाही. गावात तोंड दाखवायचंय मला." मी शब्द दिला आणि खांदा दिला. त्याची मला लाज वाटत नाही. लाज पुढची आहे.

एक्केचाळिसाव्या दिवसापासून मला कोणीही अडवले नव्हते. पहिल्या रविवारी लोकर कातरायची होती. दुसऱ्या रविवारी गिऱ्हाइकाचे खोगीर. मग इतक्या दिवसांनी मावशींना काय सांगावे, हा संकोच. जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात होऊ लागली, नंतर मनातही होईना. येशूला मी कधी नाकारले नाही, फक्त उद्यावर टाकत गेलो. 

मागच्या रविवारी गेलो. मावशींनी दार उघडले आणि म्हणाल्या, "ये. चहा गार झाला बघ तुझा." माझी वाटी माझ्या जागी भरलेली होती. दर रविवारी भरत होत्या, हे मला नंतर इतरांकडून कळले.

५. काका म्हणतात, "जायच्या आधी मुल्लांसमोर एकदा बोलून टाक, ते सगळं सोडलंय म्हणून. बापाशेजारची जागा तुझीच." मी तसे बोलणार नाही. मी गेल्यावर माझ्या वतीनेही कोणी बोलू नये. कब्रस्तानात जागा न मिळाल्यास मला आमच्या जर्दाळूमागे, कुंपणाशी पुरावे. वडिलांची टेकडी तिथून दिसते. आईला कोणी टोचून बोलू नये, मी तिला विचारलेले नाही. तंबू मात्र उभारावा. मी याच गावचा आहे.

६. बरा होऊन परतलो तर कलम पाच सोडून सर्व रद्द. तसेच, दर रविवारी आईने मला घोडीवर बसवून मावशींकडे धाडावे. सबब ऐकू नये.

चोलोक-तेरेक, ९ ऑक्टोबर २०२४
सही: उलारबेक

साक्षीदार १: राखात तुर्दुबाएवा. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार २: शाम्बेत. वाचले. पटले नाही. सही माझ्यासमोर झाली, एवढे खरे. आरी परत आणून ठेवली आहे, येऊन वापर. नाहीच आलास तर कबर मीच खणीन, कुंपणाशी का होईना.