बाबांचं माघस्नान

बाबा, आज शुक्रवार आहे, वारा पहाटेपासून समुद्राकडून येतो आहे आणि फहाहीलच्या किनाऱ्यावर लाटा उठत असणार. पूजा आटपली, आमटीची डाळ शिजायला लावली आणि तुमच्यावर रागवायला बसले. राग हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द झाला. खरा शब्द मत्सर. देवासमोर रोज बसणाऱ्या बाईने तो जवळ ठेवू नये, सहा शत्रूंतला शेवटचा आहे, हे मला कळतं. तरी इतकी वर्षं ठेवला आहे, आणि तोही तुमच्या शेजाऱ्यांच्या मुलीबद्दल, जिने माझं कधी काही वाईट केलेलं नाही.

तुम्ही कुवेतला गेलात तेव्हा मी चार वर्षांची होते. मग तुम्ही क्वचितच, पाहुण्यासारखे घरी यायचात, अहमदीच्या सुतारखान्यातून तुमची पत्रं मात्र यायची आणि थंडीतल्या पत्रात एक ओळ ठरलेली असायची, "दर शुक्रवारी समुद्रार माघस्नानाक जातंय, काळजी करू नये." आई ती ओळ मला पुन्हा वाचायला लावायची. जिथे देऊळ नाही अशा परमुलखात आपला नवरा कडाक्याच्या थंडीत समुद्रात बुडी मारतो, हे तिने सगळ्या वाडीत सांगितलं. "आमचे हे नेम मोडूचे नाय." आणि तुम्ही एवढं करता तर आपण मागे का राहायचं, म्हणून माघभर उजाडायच्या आधी विहिरीचं गार पाणी डोक्यावर ओतून घ्यायची. माझ्याही डोक्यावर ओतायची. मॅट्रिकची परीक्षा दिली त्या सुट्टीत मी तुमच्यासाठी स्वेटर विणला, विटकरी रंगाचा, बंद गळ्याचा. स्नान करून कुडकुडत बाहेर याल तेव्हा घालाल, अशी कल्पना. लोक हसले, वाळवंटात स्वेटर कशाला म्हणाले. मी कोणाचं ऐकलं नाही. गावातला एकजण कुवेतला निघाला होता, त्याच्या बॅगेत घालून पाठवला.

इराकची लढाई संपून काही वर्षं झाली होती तेव्हा लग्न होऊन मी इथे कुवेतला आले. पहिल्याच थंडीत एका शुक्रवारी थर्मासभर चहा आणि कोरडा पंचा घेऊन किनाऱ्यावर आले. ह्यांनाही बळेच उठवून आणलं होतं. मनात होतं, तुमचं अर्घ्य देऊन होईल, मग मी पुढे होऊन चहा देईन. पाहते तर तुम्ही पाण्यात नव्हतातच. पाण्यावर होतात. उभे. पायाखाली लांबट लाकडी फळी, अंगात नुसता बनियन, तेलाने चकाकणारे दंड, आणि पन्नाशी उलटलेला माझा बाप लाटेवरून सरकत येताना शाळकरी पोरासारखा ओरडतो आहे. मी पंचा छातीशी धरून बघत राहिले. ह्यांनी हळूच विचारलं, "हे कुठल्या पोथीत सांगितलंय?" मला हसू येणारच होतं, पण तेवढ्यात तुमच्या मागून दुसरी फळी आली. त्यावर दहा-बारा वर्षांची एक मुलगी, आणि तिच्या अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारा, पाणी गळणारा, विटकरी रंगाचा स्वेटर.

"बाबा, हेच का माघस्नान?" मी विचारलं.

"मगे?" तुम्ही दात वाजवत म्हणालात. "डोक्यावरसून पाणी गेला म्हणजे स्नानच ता."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तुम्ही तिला म्हणालात, "ह्यां माझां चेडू." तर ती म्हणते कशी, "ही? चाचा, पण शी इज सो बिग! ती तर घागरीला घाबरते ना?"

म्हणजे माझी गोष्ट तिला माहीत होती. चार वर्षांची, डोक्यावर घागर रिकामी केली की भोकाड पसरणारी. तुम्ही तिला तेवढीच सांगितली होतीत, कारण तुमच्याकडे तेवढीच होती.

मग हळूहळू सगळं कळलं. ती तुमच्या खोलीशेजारच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान कुटुंबातली. तेलकंपनीतल्या कुणा गोऱ्या साहेबाची लाटांवर खेळायची मोडकी फळी सुतारखान्यात दुरुस्तीला आली होती. ती फळी सांधताना तुम्ही तिची आतली रचना बघून घेतलीत आणि उरल्यासुरल्या प्लायवूडची, आतून पोकळ अशी स्वतःची फळी केलीत. मग त्या मुलीसाठी एक लहान. साहेबाकडे रबराचा पोशाख होता, तुमच्याकडे खोबरेल. ते थंडीत बाटलीत दगडासारखं थिजायचं, म्हणून तुम्ही बाटली चहाच्या गरम पाण्यात बुडवायचात आणि आधी तिच्या हातापायांना चोळायचात, मग स्वतःच्या. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून स्वेटर तिला. हिशेब सरळ होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी संसारात पै पैचा हिशेब लावणारी बाई, पण हा हिशेब मला आजवर पटलेला नाही.

त्यानंतर थंडीतल्या दर शुक्रवारी मी किनाऱ्यावर थर्मास घेऊन बसायची. तुम्ही तिच्या फळीला मागून हात लावता, लाट येईपर्यंत धरून ठेवता, आणि नेमक्या क्षणी ढकलून ओरडता, "उठ, उठ गो बाय!" ती उठते. पडते. तुम्ही छातीएवढ्या पाण्यातून तिच्याकडे धावता. मला चालायला कोणी शिकवलं, ते मी आईला विचारायला हवं होतं. आईला तर मी काहीच लिहिलं नाही, "बाबांचं स्नान नीट चाललं आहे" एवढंच. ती बिचारी तिकडे विहिरीवर उभी आणि इकडे मी न्हाणीघरात गीझर बंद ठेवून बादली ओतते आहे. इथे वीज जवळजवळ फुकट, तरी नेम तो नेम. ह्यांना चेष्टेला विषयच मिळाला. "बाप दर्यात, लेक बादलीत."

किनाऱ्यावरून तुम्ही जेवायला आमच्याकडे यायचात. एकदा बांगड्याचं तिखलं केलं होतं. तुम्ही बोटं चाटत सांगत होतात, "त्या पोरीचो उजवो पाय आपसूक फुडे पडता. माझ्यासारखो. शिकवचा लागला नाय." मी वाढता वाढता थांबले आणि विचारलं, "आणि माझा कुठला पडतो?"

तुम्ही वर बघितलंत. प्रश्न कळलाच नाही तुम्हाला. "तुझो? तू खंय पाण्यात येतंस? तू पाण्याक भियातंस."

बाबा, मी खाडी पोहून जात होते. आईने नारळाच्या सुक्या सोडणांचा जुडगा तरंगायला पाठीला बांधून मला शिकवलं होतं, सातवीत असताना मी पलीकडच्या काठाला हात लावून परत यायची. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला ते सांगायचं नव्हतं, तुम्हाला ते माहीत असायला हवं होतं. नाहीतर निदान तुम्ही "ये" म्हणायला हवं होतं. मी वाट पाहिली. मग म्हणाले, "भात वाढू?" तुम्ही म्हणालात, "थोडो."

ते "ये" तुम्ही म्हणाला नाहीत. गावी परत गेलात आणि वर्षही झालं नाही तोच देवाघरी गेलात. मागून आईही.

गेल्या थंडीत तुमची ती शेजारची मुलगी माझ्या दारात उभी राहिली. मध्ये परदेशात शिकून आली, आता बनेद अल-गारला राहते, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. गाडीच्या टपावर दोन विकतच्या फळ्या, हातात काळे रबरी पोशाख. "ताई, चल. चाचांनी मला शिकवलं, मी तुला शिकवते. एक सूट एक्स्ट्रा आहे." तो अंगाला चिकटणारा प्रकार मी घालणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घालायचाही नव्हता. सलवार-कुर्त्यावर ह्यांचा जुना स्वेटर चढवला आणि गेले.

पाण्यात शिरताना ती रबरात असूनही कुडकुडत होती. "ताई, तुला थंडी नाही वाजत?" मला वाजत होती, हाडांपर्यंत. पण इतक्या माघांच्या बादल्या पाठीशी होत्या. "छे," मी म्हटलं, आणि मनातून इतकी सुखावले की देवाने कान पकडावा.

मग तिने माझ्या फळीला मागून हात लावला. लाट आली. आणि त्या इंग्रजी बोलणाऱ्या, इथेच जन्मलेल्या मुलीच्या तोंडून जसाच्या तसा तुमचा आवाज आला, "उठ, उठ गो बाय!" हेलसुद्धा तुमचाच. माझ्याकडे तो नाही. मी चारपाच वेळा पडले, नाकातोंडात खारं पाणी गेलं, आणि मग एकदा, का कोण जाणे, उभी राहिले. चार हात अंतर असेल. किनारा माझ्याकडे चालत आला असं वाटलं. मागून ती ओरडत होती, "ताई, डावा! तुझा डावा पुढे! चाचांच्या उलटा!"

बाहेर आल्यावर आम्ही दोघी वाळूत बसलो. माझे ओठ निळे पडले होते आणि हसू थांबत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "चाचा असते तर किती खूश झाले असते."

मी हो म्हटलं. तिच्या हातावर हातही ठेवला. पण बाबा, तुम्ही त्या वेळी तिथे नव्हतात याचं मला बरं वाटलं. तुम्ही असतात तर लाट ओळखून नेमक्या क्षणी तिने मला कसं सोडलं, तेच बघत राहिला असतात. पाठ तिची थोपटली असतीत.