मुठीतला तुकडा

दादा,

काल दुपारी तुझा चौकोन लागला. नांदेडला, माझ्या स्वयंपाकघरात, खाली फरशीवर. कुणी दाखवला नाही, समोर चित्र नव्हतं, माझा मीच लावला. आणि आनंद व्हायचा सोडून संताप आला. तुला जाऊन दोन महिने झाले. भांडायला तू समोर नाहीस, म्हणून लिहितेय.

तू नांदेडला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकायचास. एका सुट्टीला गावी, लातूरजवळच्या आपल्या मुरुडला येताना कापडी पिशवीत सागवानाचे तुकडे घेऊन आलास. काही तिकोनी, काही तिरपे, एक लांबोडका. "समदे जोडले की एक चौकोन होतो. लाव," म्हणालास. कसा लावायचा ते मात्र सांगशील तर शपथ!

मग तुला लातूरला नोकरी लागली. नवा जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्या उघडत होत्या. आपल्या घरातला पहिला पगारदार तू! त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही. आबा आणि माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी विहिरीवर घागरीचा नंबर धरून बसायची, मांडीवर दहावीचं पुस्तक आणि शेजारी तुझी पिशवी. पाणी झिरपेपर्यंत मातीत तुकडे मांडायची, मोडायची, परत मांडायची.

आणि एक दिवस जमलं रे! चारही बाजू सरळ, चारही कोपरे बरोबर. फक्त मधे एक बारकं तिकोनी भोक राहिलं. तू रविवारचा आला होतास. मी पळत आले, "दादा, एक तुकडा कमी हाय ह्यात!"

तू येऊन बघितलंस. वाकून त्या भोकावर बोट फिरवलंस. मग म्हणालास, "तुकडे बराबर हायत. तुझं डोकं कमी हाय." पायानं सगळं विस्कटलंस, तुकडे गोळा करून माझ्याकडं पाठ करून बसलास आणि वळून भरलेला चौकोन दाखवलास. भोक नाही, काही नाही. मी नीट बघायच्या आत मोडूनही टाकलास.

त्यानंतर मी त्या पिशवीला हात लावला नाही.

दहावीचा निकाल लागला तेव्हा गणिताचे गुरुजी घरी आले होते. "पोरगी हुशार आहे, लातूरला पॉलिटेक्निकला घाला," म्हणाले. आबांनी तुझ्याकडं बघितलं. घरात शिकलेला तूच. तू काय बोललास, आठवतं का? "आबा, तिला साधा चौकोन लावता येत न्हाई. बिल्डिंगचे नकाशे काय काढणार?" गुरुजी चहा न घेता उठले. आणि मी? दाराआड उभी राहून मान हलवली. मला तुझं खरं वाटलं होतं, दादा!

वर्षाच्या आत माझं लग्न झालं. पुढं माझ्या पोरी गणितं घेऊन यायच्या, तेव्हा मी म्हणायची, "बाबांना विचारा, माझं डोकं चालत नाही त्यात." त्या ऐकायच्या आणि जायच्या. त्यांनाही ते खरंच वाटलं असणार. त्याचा हिशोब कुणाकडं मागू?

मागच्या आठवड्यात लातूरला वहिनीकडं गेले होते. तिनं तुझ्या कपाटातनं ती पिशवी काढून दिली. "तुमची हाय म्हणायचे," म्हणाली. मी तुकडे चटईवर ओतले आणि एक नवाच दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा त्रिकोण, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

"हा कुठला, वहिनी?"

ती हसली. "तुम्हाला ठाऊक न्हाई? त्यो पयल्यापासनंच काढून ठेवला व्हता त्यांनी, मुठीत लपवायचे. लई हसायचे सांगताना. म्हणायचे, शशीनं लावलाच व्हता, म्हणून तर मागनंबी दिला न्हाई. आन् खरं सांगू का, त्यांनाबी आधी जमलंच नव्हतं. आयटीआयच्या सरांनी दाखविलं तवा आलं."

तिला वाटलं, मीही हसेन.

घरी येऊन रोज दुपारी मांडत होते. आधी कोपऱ्यांपासून गेले, फसले. मग लाकडाच्या रेषा बघितल्या. एकाच फळीतनं कापलेले तुकडे, रेषा सगळ्यांच्या एका अंगाला जायला पाहिजेत! तशा फिरवत गेले. काल शेवटी मधे तेच तिकोनी भोक उरलं. तुझा तुकडा त्यात टाकला. टक्कन बसला. म्हणजे विहिरीवर बसलेल्या त्या पोरीचं बरोबर होतं. पूर्ण बरोबर होतं.

का केलंस असं? तुला जमलं नाही ते मला जमलं म्हणून? की त्या दुष्काळात माझं शिक्षण घराला झेपणार नव्हतं म्हणून? मग तसं सांगायचं होतंस! रडले असते, भांडले असते, चार दिवस जेवले नसते. पण दुष्काळानं माझं शिक्षण गेलं असं म्हणता आलं असतं मला. तू माझं डोकंच खोटं ठरवलंस.

आणि तू वाईट नव्हतास, हाच तर जास्त त्रास आहे. सायकलला कॅन बांधून कुठून कुठून पाणी आणायचास. धाकटीच्या वेळी माझे हाल झाले तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर बसून होतास, घरी जा म्हटलं तरी गेला नाहीस. मग एवढ्याच बाबतीत का रे? शेवटी आजारात माझा हात धरून पडायचास. तेव्हा तरी बोलायचं! मी काय हात सोडला असता?

दादा, तू गेलास त्या दिवशी मी रडले, पण ते जो भाऊ मला ठाऊक होता त्याच्यासाठी. ह्या दुसऱ्यासाठी अजून डोळ्यांत पाणी येत नाही. येईल. राग संपला की तुझ्यासाठी परत एकदा पोटभर रडेन, हा शब्द देते. पण घाई करणार नाही. माझा राग मी पूर्ण करणार आहे, आणि ह्या वेळी कुणाला विचारणार नाही.

तुझी,
शशी