एस्टोनियात दोघं फिनिश झाले

बालाघाट,
एप्रिलचा पहिला रविवार

आदरणीय आत्याबाई यांना संघमित्राचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत आणि तुम्हीही मजेत असाल, असं लिहायची पद्धत आहे. पण तुमच्या यजमानांनी, म्हणजे फुफाजींनी, तुमच्या गुडघ्याची बातमी आधीच फोडल्यामुळे ते वाक्य मला लिहिता येत नाही. तेव्हा सरळ विचारते, गुडघा कसा आहे? स्वतः शेक घेता की नुसतं शेजारणीला शेक घ्यायला सांगता? आणि फुफाजींची साखर काबूत आहे ना? (त्यांना विचारू नका, ते खोटं सांगतात. खिसे तपासा.) पत्र पाहून नवल वाटलं असेल. फोनच करणार होते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि गोंदियात तुमच्या घरी बोललेलं संध्याकाळपर्यंत बालाघाटात आमच्या घरी पोचतं. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तुम्ही मला कान धरून मराठी शिकवलंत, त्याचा कुठेतरी उपयोग व्हायला हवा. आमच्या धाकट्या अंकितला तर अजून 'ळ' म्हणता येत नाही, तो 'बाल' म्हणतो आणि केस की मूल ते आपण ओळखायचं. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून तुमच्याकडेच ठेवा. परत पाठवू नका, बाबा उघडतील.

अर्धी बातमी तुमच्यापर्यंत आलीच असेल. मला परदेशात पीएच.डी. करायला दोन ठिकाणांहून होकार आला आहे, एक जर्मनीतून आणि एक एस्टोनियातून. दोन्हीकडे फी नाही, उलट दर महिन्याला पगार आहे. विषय माझा तोच, बैहरच्या जंगलात साल वृक्षांच्या मुळांना धरून राहणारी बुरशी. आईचं म्हणणं असं की लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून मी जन्मभर बरण्या उन्हात ठेवल्या आणि माझ्या पोरीला त्याच बुरशीसाठी विमानात बसायचं आहे. बाबांची अडचण वेगळी. त्यांची उभी नोकरी विजेच्या ऑफिसात लोकांकडून पैसे भरून घेण्यात गेली, त्यामुळे शिकण्यासाठी कुणी आपल्याला पैसे देईल हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. "शिकणाऱ्याले पगार देते म्हंते, मंग शिकवणारा काय खाते?" असं ते मला रोज जेवताना विचारतात. त्यात समोरच्या शालिकराम काकांनी (जंगल खात्यातून निवृत्त झालेले, मागच्या वेळी ज्यांनी तुम्हाला सापांविषयी चहा थंड होईपर्यंत सांगितलं तेच) कुठेतरी वाचलं होतं की परदेशात असं फुकट बोलावतात आणि मूत्रपिंड काढून घेतात. तेव्हापासून आई मला येता-जाता पाणी पाजते आहे. त्याने नेमकं काय वाचणार आहे ते तिलाच ठाऊक.

जर्मनी तरी सगळ्यांनी ऐकलेली आहे. एस्टोनिया म्हटल्यावर त्यातलं 'स्टोन' ऐकून बाबांना आधी गिट्टीची खदान वाटली. शालिकराम काकांनी फार गंभीर होऊन विचारलं, "हे लांजीकडे येते की बैहरकडे?" मी मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो देश पाहिला आणि एवढ्यात तर आपला जिल्हापण मावणार नाही असा निकाल दिला. (मावतो. चांगला ऐसपैस मावतो. मी सांगितलं नाही, वडीलधाऱ्यांचा मान ठेवला.)

शेवटी बाबा म्हणाले, आपल्या घराण्यात मुलगी कुठेही द्यायची तर चौकशी केल्याशिवाय देत नाहीत, मग हे तर सात समुद्रापलीकडचं आहे. आता चौकशी म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्या प्रियंकाताईच्या लग्नाच्या वेळी तुम्ही लांजीला जाऊन मुलाच्या घरासमोरच्या पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन बसलात आणि मुलगा 'बँकेत आहे' म्हणजे बँकेच्या खालच्या मोबाईलच्या दुकानात आहे, हे दळण होईस्तोवर काढून आणलंत. तेव्हापासून या घरात तुमच्या चौकशीवर कुणी ब्र काढत नाही. बाबांना वाटलं, सख्खा भाऊ आहे, आपल्यालाही जमेल. घरात माणसं किती आणि त्यातलं कुणी सोडून गेलं का, एवढे दोन प्रश्न त्यांनी इंग्रजीत पाठ केले आणि इस्त्रीचा शर्ट घालून व्हिडिओ कॉलसाठी माझ्याबरोबर गच्चीवर येऊन बसले. नेटवर्क तिथेच येतं. आई पाण्याच्या टाकीमागे उभी होती, कारण तिच्या मते परक्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळं कुटुंब पाहू नये.

पहिले जर्मनीचे सर. मोठं विद्यापीठ, मोठं नाव, मोठा टाय. बाबांनी विचारलं, "सर, हाऊ मेनी मेंबर्स?" सरांना वाटलं, हे त्यांच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांविषयी विचारत आहेत. त्यांनी चांगला डझनभराचा आकडा सांगितला. "एनीबडी लेफ्ट?" सर छाती फुगवून म्हणाले, नोबडी. कित्येक वर्षांत एकही नाही. बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं ना आत्याबाई, माझं लग्न तिथेच लागलं असं मला वाटलं. भरलं घर, एक सून बाहेर पडलेली नाही, आणखी काय पाहिजे!

दुसऱ्या दिवशी एस्टोनियाच्या मॅडम. पांढरे केस, अंगात जाड स्वेटर, पाठीमागच्या खिडकीत मार्च संपत आला तरी बर्फ. (इथे बाबांच्या शर्टाची घामाने इस्त्री मोडली होती.) बाबांनी तोच प्रश्न विचारला. मॅडम म्हणाल्या, सात जण होते, त्यातले दोघं यंदा लेफ्ट. बाबा सावध झाले. पाठ केलेले प्रश्न संपले होते, तरी धीर करून म्हणाले, "व्हाय?" मॅडम आनंदाने म्हणाल्या, "दे फिनिश्ड!" आणि हसल्या. बाबांचा चेहरा पडला. टाकीमागून आईने दबक्या आवाजात विचारलं, "काय म्हंते ते बाई?" बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "दोघं फिनिश झाले म्हंते. अन् हासून राह्यली." आईने तिथूनच विचारलं, "थंडीनं काय?"

मी कसंबसं मॅडमचं बोलणं पुरं केलं आणि मग दोघांना खाली बसवून समजावलं. पीएच.डी.मध्ये फिनिश होणं म्हणजे पदवी मिळवून सुखरूप बाहेर पडणं. तेच तर पाहायचं असतं! आणि जर्मनीच्या सरांकडून कुणी गेलं नाही, कारण कुणाचं काही संपलेलंच नाही. मी त्यांच्या वेबसाईटवर जाऊन जुने फोटो पाहिले आहेत. त्यातल्या एका विद्यार्थ्याची दाढी आधी काळी होती, मग तिच्यात पांढरे केस आले आणि आता तिला मेंदी लावलेली आहे, पण नावाखाली अजून 'विद्यार्थी'च लिहिलं आहे. आईला पटलं. बाबांनाही पटलं असावं, पण उशीर झाला होता. टाकीमागचं संभाषण शालिकराम काकांच्या अंगणात ऐकू जातं हे आपण नेहमी विसरतो. रात्रीपर्यंत सगळ्या वॉर्डात झालं की महेंद्रभाऊची पोरगी जिथं जाऊन राह्यली तिथं दोन लेकरं मेली. मग लोकांची समजूत घालायला बाबांनी सांगून टाकलं की आमची पोरगी तिकडे नाही, जर्मनीला जाते. सांगून थांबले असते तरी चाललं असतं. पण जयंतीच्या समितीत तेच आहेत, त्यामुळे चौकातल्या स्टेजसाठी माझ्या फोटोचा बॅनर राजू फ्लेक्सवाल्याकडे छापून तयार आहे. हिंदीत मोठ्या अक्षरांत, 'जर्मनी जाने वाली वार्ड की पहली बेटी'. फोटो दहावीच्या हॉल तिकिटावरचा आहे, त्याविषयी मी काही बोलत नाही.

मी भांडले. तुमचीच भाची आहे, भांडणारच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले समजते सगळं. पण लालबर्राच्या दुलीचंदचा भाचा जर्मनीत आहे. दूर असंन, दुसऱ्या गावात असंन, पण आहे ना. तिथं त्या बर्फात तुले ताप आला तं मी कोणाले फोन करू?" मी चिडलेली होते, तो राग तिथेच उतरला आणि मी त्यांना पाणी आणून दिलं.

बाकी सगळं छान. चौकात लायटिंगचं काम सुरू आहे. आईने तुमच्यासाठी महुआ (तुमच्या मराठीत मोहफुलं) वाळवून ठेवला आहे. फुफाजींना जयभीम सांगा आणि प्रियंकाताईच्या बाळाचा माझ्याकडून एक पापा घ्या. पत्र लांबलं, रागावू नका.

तुमची सगळ्यांत लाडकी (हे मीच ठरवलं आहे) भाची,
संघमित्रा

ता.क. जयंतीला तुम्ही येताच, पण यंदा जरा आधी या. आल्यावर चहा घेता घेता सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, "महेंद्र, म्या चौकशी केली. इस्टोनियाचं घर चांगलं आहे." पुढे काही म्हणू नका. बाबा 'कुणाकडे केली?' असं विचारणार नाहीत, कारण प्रियंकाताईच्या वेळी त्यांनी विचारलं होतं आणि तुम्ही त्यांना काय उत्तर दिलं होतं ते त्यांच्या लक्षात आहे.

ता.क. दुसरा. तुमची चौकशी अनुकूलच निघायला हवी, कारण मी एस्टोनियाला हो आणि जर्मनीला नाही असं गेल्या आठवड्यातच कळवून मोकळी झाले आहे. हे घरात कुणालाच माहीत नाही. फक्त राजू फ्लेक्सवाल्याला सांगावं लागलं. 'जर्मनी'वर पट्टी चिकटवून देतो म्हणाला, पण 'एस्टोनिया' लांब पडतं, शेवटचा 'या' फोटोतल्या माझ्या कानावर येईल. येऊ दे.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. फिनिश झालेल्या दोघांतली एक मुलगी नेपाळची आहे. आता घरी काठमांडूला परत आली आहे, तिला हिंदी येतं. तिचा नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. मी तिच्याशी बोलले, पण अभ्यासाचंच विचारत बसले. बाकीचं मला विचारता येईना. तिथे दुपारीच अंधार पडतो तेव्हा माणूस काय करतो, आजारी पडलं तर पेज कोण करून देतं, रडू आलं तर कुणाच्या खोलीत जायचं, हे तुम्ही विचारा. स्पीकर बंद करून विचारा. बाबांना काय सांगायचं ते आपलं ठरलंच आहे. पण ती जे सांगेल ते मला मात्र जसंच्या तसं सांगा, वाईट असलं तरी सांगा. मी जाणार आहे, आत्याबाई. पण मला खूप भीती वाटते, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला कळायला नको.