प्रतिकारशक्तीचा तक्ता

३ तारीख, सोमवार
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अठराला. मागच्या महिन्यात रद्द झालं, कारण आईला खोकला. खोकला असताना डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तो खोकला माझ्याकडून आला असं ताईचं म्हणणं. ताईला पुरावा लागत नाही.
या खेपेला घराच्या प्रतिकारशक्तीची सूत्रं माझ्या हातात. तक्ता केला: आठ तास झोप, अर्धा तास चालणं, भाज्या-फळं, हात धुणं, सिगारेट बंद, चिंता बंद. रोज टिक. मी छापखान्यात प्रूफं तपासतो, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. तक्ता भिंतीवर लावला. आईला तिथे नुसतं पांढरं काहीतरी दिसतं, म्हणून रोज वाचून दाखवणार.
दोन वर्षं तिला माझा चेहरा धड दिसलेला नाही. पट्टी निघेल तेव्हा समोर मीच असेन, असा शब्द दिलाय.

४ तारीख
तक्ता आखूनच दमलो. दमल्यावर व्यायाम करू नये म्हणतात. उद्यापासून नक्की.

५ तारीख, सकाळी ६.१०
चालायला निघालो.

६.२०
परत आलो. कोपऱ्यावर एकच सिगारेट, शेवटची. रस्ता चढाचा, त्यामुळे दहा मिनिटांची तीस धरायला हरकत नाही. टिक.

७ तारीख
छापखान्यातला मशीनमन बारा महिने गार पाण्यानं अंघोळ करतो, त्याला सर्दी माहीत नाही. मीही केली. पहिल्या तांब्याला असा ओरडलो की आई भिंत चाचपडत धावली. पडलास का म्हणून विचारत होती. म्हटलं, नाही, प्रतिकारशक्ती वाढतेय.

९ तारीख
आठ तास झोपायचंच या काळजीनं चारसुद्धा मिळत नाहीत. चिंता बंद होत नाही याचीच चिंता. एका जागी बसवत नाही. तक्ता तीनदा सरळ केला, तो मुळात सरळच होता. संध्याकाळी वेफर्सचं पाकीट संपवलं. बटाटा भाजीतच मोडतो. टिक.

१० तारीख
रोज रोज टिक मारण्यात वेळ जातो. सतरापर्यंतच्या एकदम मारून टाकल्या. आईला वाचून दाखवलं, सगळं व्यवस्थित. ती नुसती हं म्हणाली.
आईचं मात्र काही शास्त्रच नाही. नऊला झोपते, व्हरांड्यात कठडा धरून फेऱ्या मारते, पानातलं सगळं संपवते, जेवणाआधी हात धुते. बस. काय सांगायचं!

१३ तारीख
चार शिंका. धुळीच्या.

१४ तारीख
धूळ फारच आहे. नाक वाहतंय, अंग दुखतंय. खोकला उशीत दाबला. आईनं विचारलं, तर प्रूफं मोठ्यानं वाचून घसा बसलाय म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि मला बाहेरच्या खोलीत पाठवलं. दार लाव, ताटवाटी वेगळी ठेव, ताईला बोलावून घे, म्हणाली.
मागच्या वेळी ऑपरेशन टळलं तेव्हा ती दुपारभर सुईत दोरा ओवत बसली. ओवला गेला नाहीच. मला भीती वाटतेय. इथं खोटं कशाला लिहू, फार वाटतेय.

१७ तारीख
दाराला कान लावून बसलोय. आतून खोकल्याचा आवाज नाही. माझाच आहे.

१८ तारीख
आई ठणठणीत! ऑपरेशन झालं. तक्त्याचा गुण, दुसरं काय. मला मात्र नर्सनं दारातच अडवलं. एवढ्या सर्दीत आत कसे येता, म्हणून झापलं. ताई आत, मी फाटकाजवळच्या बाकावर.

१९ तारीख
पट्टी निघाली. समोर ताई होती. मी बाकावरच.
घरी आल्यावर आई काळा चष्मा कपाळावर सरकवून थेट तक्त्यापाशी गेली. बारीक अक्षरसुद्धा घडाघडा वाचलं. मग विचारलं, तेरा-चौदाला एवढा खोकत होतास, तर झोप आठ तास कशी? आणि सिगारेट बंद, तर रोज सकाळी वास कसला यायचा? तुला कसं कळलं, असं मी विचारलं. म्हणाली, डोळे गेले होते, नाक नव्हतं गेलं.
मग माझ्याकडे वळली. कितीतरी वेळ बघत राहिली. आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण हळूच म्हणाली, तू एवढा म्हातारा कधी झालास रे?
नाक शिंकरलं. सर्दी आहेच.

२० तारीख, सकाळी ६.४०
चालून आलो. आई खिडकीत उभी होती, कोपरा तिथून स्वच्छ दिसतो म्हणे. थांबता आलं नाही.
पेन आता तिच्याकडे असतं. आजची टिक मिळाली नाही. सत्तावीसच मिनिटं झाली म्हणाली.